साऱ्याला नऊ प्रती, भरपाईला एकच

(लातूर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज, वीज, विमा यांवर आपण दर बैठकीला बोलतो. आज मला मातीवर बोलायचं आहे. बैठकीत माती कशाला, असं काही जणांना वाटेल. पण या सगळ्या भांडणांच्या मुळाशी एक साधा प्रश्न वर्षानुवर्षं पडून आहे. एक एकर म्हणजे नेमकं काय?

कागदावर एक एकर म्हणजे ४० गुंठे. ते मांजरेच्या काठचं असो, नाही तर माळावरचं. पण सोयरीक जमवताना मुलीचा बाप असं मोजत नाही. मुलाला दहा एकर आहे म्हटलं की तो पुढचा प्रश्न विचारतो, "कुठलं रान?" रान माळाचं आहे की काळीचं, हे कळल्याशिवाय त्याला दहाच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. जे त्याला कळतं ते सरकारच्या एकाही योजनेला कळत नाही.

मी कृषी पदवीधर आहे. आम्हाला कॉलेजात मातीचा खड्डा खणून थर मोजायला शिकवलं, प्रयोगशाळेत सामू आणि कर्ब काढायला शिकवलं. त्या सगळ्याचं सार दोन वाक्यांत सांगता येतं. जमिनीचे गुण दोन गोष्टींनी ठरतात. ती उतारावर कुठे बसली आहे ही पहिली, आणि आपण तिच्यावर काय करतो ही दुसरी. पहिली गोष्ट निसर्गानं ठरवली आहे. दुसरी आपण ठरवतो, आणि आपल्या हाताला धरून बाजारभाव ठरवतो. आज या दोन्हींचा हिशेब मांडू, आणि त्याचा आपल्या भरपाईशी काय संबंध आहे तेही पाहू.

एक खडक, चार रानं

आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर बसला आहे. खाली सगळीकडे काळा फत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरला आणि थिजला, तोच हा फत्तर. औसा घ्या, निलंगा घ्या, अहमदपूर घ्या, खडक बहुतेक ठिकाणी तोच. पाऊसही साधारण सारखा, सरासरी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर. मग एकाच गावच्या शिवारात चार प्रकारची रानं कशी? उतारामुळे.

माथ्यावर उभे राहा. तिथं माळ, बरड. कुदळ मारली की वीतभरात मुरूम लागतो. खडक तिथंही झिजतो, तिथंही नवी माती तयार होते. पण तयार झालेली बारीक माती पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जाते आणि जाड खडे मागे राहतात. नुसती माती जात नाही. दगडातून सुटलेला चुना आणि मॅग्नेशियमही पाण्यात विरघळून उताराला लागतात.

थोडं खाली या. मधल्या उतारावर हात-दीड हात खोल, मध्यम रान. अजून खाली, ओढ्याच्या अलीकडे, भारी काळी. ही कुठं मीटरभर, कुठं दोन मीटर खोल. वरून आलेली बारीक माती आणि चुना इथं हजारो वर्षं साचला. त्यातून जी चिकणमाती बनली ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. खणलं तर खाली चुनखडीचे खडे सापडतात. आणि अगदी शेवटी नदीकाठची मळई, दर पुराला नवा गाळ घेणारी.

म्हणजे खालची काळी ही वरच्या माळाची लेक आहे. माळ झिजला म्हणून काळी भरली.

खडकच बदलला तर काय होतं, हे नांदेडच्या भावांना विचारा. देगलूर-बिलोलीकडे गेलं की काळा फत्तर संपतो आणि ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक उघडा पडतो. तिथली बरीच रानं तांबूस आणि रेताड आहेत. पाणी लवकर मुरतं, लवकर निघूनही जातं. मराठवाडा म्हणजे काळी कसदार जमीन, असं मुंबईला बसून म्हणणाऱ्यानं कंधारच्या माळावर एकदा नांगर धरून पाहावा.

तांब्या, घागर आणि रांजण

आता पाण्याचा हिशेब करू. भर वाढीच्या पिकाला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागतं. पाऊस थांबला की पीक मातीत साठलेल्या पाण्यावर जगतं. किती दिवस जगेल, हे मातीच्या खोलीवर आणि चिकणमातीवर ठरतं.

माळाचं वीत-दीड वीत मुरमाड रान पिकाच्या कामी येईल असं ३०-४० मिलिमीटर पाणी धरतं. हा तांब्या. सात-आठ दिवसांत रिकामा. मधल्या उताराचं हात-दीड हाताचं रान सुमारे १०० मिलिमीटर धरतं. ही घागर, २० दिवस पुरते. मीटरभर खोल काळी २०० मिलिमीटरच्या आसपास धरते. हा रांजण, ४० दिवसांचा. आकडे थोडे इकडंतिकडं होतील, प्रमाण हेच राहील.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. आपल्याकडे पावसानं तीन-तीन आठवडे दडी मारली. तीन आठवड्यांच्या दडीत तांब्याचं पीक दुसऱ्या आठवड्यातच माना टाकतं, घागरीचं काठावर येतं, आणि रांजणाचं पिवळं पडलं तरी उभं राहतं. पाऊस एक, दडी एक, आणि एकाच गावात तीन वेगवेगळे दुष्काळ.

आता २०२५ चा सप्टेंबर घ्या. मांजरा, तेरणा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी घरात आलं. अशा वर्षी सगळं उलटं होतं. काळीच्या भेगा एकदा मिटल्या की पाणी आत मुरण्याचा वेग नगण्य होतो. रांजण भरला, वरून धो धो चालू. पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, शेंगा झाडावरच कोंब धरतात. माळावर पाणी साचत नाही, पण ते जाताना वीतभर मातीतली चार बोटं बरोबर घेऊन जातं.

दुष्काळात माळ मरतो आणि अतिवृष्टीत काळी मरते. मग सरकारी नियम काय म्हणतो? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. मंडळातलं पर्जन्यमापक एका गावात, माळ एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला. आधीच तुडुंब भरलेल्या काळीत ४० मिलिमीटरनंही पीक सडतं, ते नियमात बसत नाही. कोरड्या भेगाळलेल्या काळीनं ७० मिलिमीटर पिऊन टाकले, तर ते बसतं.

रान वापरलं तसं घडतं

उताराचं झालं. आता वापराचं.

माळ हा आपल्या आज्या-पणज्यांनी मूर्खपणानं पडीक ठेवला नव्हता. तिथं गवत होतं. गवताची मुळं वर्षभर माती धरतात, दरवर्षी मरतात आणि मातीत कुजतात. गवतावर लाल कंधारी आणि देवणी ही आपल्या मातीतली जनावरं जगत होती, आणि त्यांचं शेण खाली काळीच्या रानात जात होतं. पाणी माती वरून खाली नेत होतं आणि जनावर कस वरून खाली नेत होतं.

मग वाटण्या झाल्या. भावाभावांत माळही वाटला गेला आणि पोटासाठी नांगरला गेला. यात नांगरणाऱ्याचा दोष नाही. तीन एकरवाल्यानं एक एकर गवताला सोडावं असं सांगणारा त्या एकराचं भाडं भरणार आहे का? पण मातीचा कायदा कुणासाठी थांबत नाही. गवताचं रान मोडून नांगराखाली आणलं की माती मोकळी होते, हवा लागते आणि वर्षानुवर्षं साठलेला सेंद्रिय कर्ब जळून जातो. कर्ब हा मातीचा डिंक आहे. तो गेला की कण सुटे होतात, आणि सुटा कण पहिल्या वळवाला उताराला लागतो.

एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे ८ लाख किलो भरतं. अर्धा टक्का कर्ब म्हणजे त्यात ४ हजार किलो. आपल्या बहुतेक कोरडवाहू रानांत तेवढाही नाही. धूप होते तेव्हा हा कर्ब आणि बारीक चिकणमाती आधी जाते, कारण ती हलकी. राहतो तो खडा. घरातलं दाणं जावं आणि फोलपट राहावं तसं.

आता काळीकडे या. जुनी पद्धत अशी की खोल काळी खरिपात पड ठेवायची, पाळ्या घालायच्या, पावसाचं पाणी जिरवायचं आणि रब्बीला ज्वारी, करडई, हरभरा घ्यायचा. रांजण भरून ठेवायचा आणि हिवाळाभर प्यायचा. पद्धत शहाणपणाची, पण तिला एक भोक होतं. ऐन पावसाळ्याचे चार महिने रान उघडं.

हे भोक केवढं, ते मोजलं गेलं आहे. आपली मांजरा इथून खाली तेलंगणात जाते. त्याच बाजूला हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथं काळ्या जमिनीत १९७६ पासून दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून दरवर्षी मोजल्या गेल्या. एकीकडे खरिपात पड आणि रब्बीला एक पीक. दुसरीकडे रुंद सरी-वरंबे, पाणी काढायला गवताचे चर, खरिपापासून रान झाकलेलं, ज्वारीत तूर, गरजेपुरतं खत. पहिल्या रानातून दरवर्षी हेक्टरी ६ टनांहून अधिक माती गेली, दुसऱ्यातून दीड टनाच्या आसपास. धान्य पहिल्यात हेक्टरी सुमारे १ टन, दुसऱ्यात सुमारे ५ टन. आणि दुसऱ्या रानात कर्बही वाढत गेला. खडक, पाऊस आणि माती तीच. बदलला तो वापर.

६ टन माती म्हणजे हेक्टरभर अर्धा मिलिमीटर थर. दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढा. डोळ्याला दिसत नाही. पन्नास वर्षांत मात्र एक इंच होतो. माळावर सातच इंच माती असेल तर त्या एका इंचाची किंमत तुम्हीच करा.

सोयाबीनचं खरं-खोटं

कुणी म्हणेल, आता काळी खरिपात उघडी कुठं असते? सगळीकडे सोयाबीन आहे. बरोबर आहे. सोयाबीनला उगाच शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. रान झाकतं, हवेतला नत्र धरतं, पानगळ मातीत पडते, आणि लातूरची बाजारपेठ त्यावर उभी आहे. पैसा हातात येणारं पीक शेतकरी घेतो, ते शहाणपणच.

पण चार गोष्टी बरोबर आल्या. ज्वारी गेली, म्हणून कडबा गेला. कडबा गेला, म्हणून जनावर गेलं. जनावर गेलं, म्हणून शेणखत गेलं. आणि बैल गेला, म्हणून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला लांब तास सोयीचा, मग तो उताराच्या दिशेनं असला तरी चालतो. पेरणीपासून पीक मिटेपर्यंतचा महिना-सव्वा महिना त्या प्रत्येक तासातून पाणी पन्हाळीतून जावं तसं धावतं. माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकच पीक, एकाच खोलीची नांगरट, एकच खताचं पोतं. उतार चार प्रकारचा आणि शेती एका प्रकारची. भुसकट बांधावर पेटवलं की उरलासुरला कर्बही धुरात.

हे का झालं, याचंही उत्तर सरळ आहे. ज्वारीची काढणी, मळणी, कडब्याची बांधणी याची मजुरी ज्वारीच्या भावात निघत नाही. करडई-जवसाचं तेल आयात तेलापुढं टिकलं नाही. ज्या पिकांनी माती राखली त्यांना बाजारात भाव राहिला नाही. सोयाबीनचा तरी कुठं राहिला? २०२४ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या वेळी बाजार त्याच्या कितीतरी खाली होता. तोट्यातला शेतकरी आधी घरातलं सोनं मोडतो, मग बैल विकतो, आणि शेवटी मातीचा कस विकतो. कस विकल्याची पावती मात्र कुठं मिळत नाही.

चौथा वापर उसाचा. ऊस खालच्या काळीत, जिथं निचरा आधीच मंद. विंधन विहिरीचं क्षारट पाणी बारा महिने पाजलं की मातीत सोडियम चढतो. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, भोकं बुजतात आणि रान चोपण होतं. ओलं असताना चिखल, वाळल्यावर दगड, वाफसा सापडतच नाही. यातही उतार आडवा येतो, आणि तोही न दिसणारा. अमरावती जिल्ह्यात पेढी नदीच्या खोऱ्यात नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांना असं दिसलं की सपाट वाटणाऱ्या काळ्या रानात थोडे उंचवट्याचे पट्टे चोपण झाले आहेत आणि सखल पट्टे बरे आहेत. कारण उंचवट्यावर पाणी कमी मुरतं, चुना तिथंच साकळतो आणि सोडियमचं प्रमाण वाढतं. सखल भाग आधी बिघडेल, असंच कुणालाही वाटलं असतं. म्हणून म्हणतो, मातीबद्दल मुंबई-पुण्यात बसून सरासरी काढता येत नाही.

इंग्रजाला काय कळत होतं

आता कागदाकडे येतो.

१८४७ साली मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीचा अहवाल लिहिला, त्याला जॉइंट रिपोर्ट म्हणतात. सुरुवात त्याआधी दहा-अकरा वर्षं इंदापूर तालुक्यात झाली होती. त्यांनी शेतांची प्रतबंदी केली. जमिनीच्या नऊ प्रती. वरची १६ आण्यांची, तळाची २ आण्यांची. प्रत ठरवायची कशी? शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीनं खोली पाहायची आणि ती हातांत मोजायची. चांगली काळी पावणेदोन हात खोल असली तर पूर्ण १६ आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी. त्यावर दोष लावायचे. चुनखडीचे खडे हा दोष, वाळूची भेसळ हा दोष, उतार हा दोष, पाण्याचा लोंढा जात असेल तर दोष, पाणी साचत असेल तर दोष. एकेका दोषानं प्रत खाली. पुढं निजामाच्या राज्यातही आपल्याकडे मुंबईच्या धर्तीवर मोजणी आणि प्रतबंदी झाली. तुमच्या सातबाऱ्यावर आकारणी म्हणून रुपया-दोन रुपयांचा जो आकडा दिसतो, तो त्या प्रतबंदीचा नातू आहे.

हे त्यांनी शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केलं नाही. सारा वसूल व्हावा, जमीन सोडून कुळं पळून जाऊ नयेत, म्हणून केलं. पण त्यासाठी खोली, उतार, निचरा आणि चुनखडी पाहावी लागते, एवढं त्यांना कळत होतं.

आता आजचं पाहा. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली. चांगली गोष्ट. पण कोरडवाहू भागात दर १० हेक्टरला एक नमुना, असा तिचा नियम. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. आपल्या शिवारात २५ एकरांत माथा, उतार आणि काळी तिन्ही येतात. त्या तिन्हींचा मिळून एक कागद. त्यावर १२ तपासण्या आहेत. सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. जस्त किती ते कळेल, पण माती किती खोल ते कळणार नाही. माणसाच्या रक्तातली साखर तपासली आणि त्याचं वय लिहायचं राहिलं, असा हा कागद.

पीक विम्याचं तेच. मंडळात पीक कापणीचे प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई त्यावरच ठरते. प्रयोग कुठल्या रानात पडला, तांब्यात की रांजणात, यावर सगळ्या मंडळाचं नशीब.

आणि खरडून गेलेल्या जमिनीचं पाहा. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं मदत जाहीर केली. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामं. आकडा ऐकायला मोठा. आता हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १ लाख ७ हजार ६०० चौरस फूट. फूटभर माती गेली तर तेवढेच घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे १,०७६ ब्रास माती गेली. रोख ४७ हजारांना भागा. एका ब्रासला ४४ रुपये. रोजगार हमीचे ३ लाख पूर्णच्या पूर्ण मिळाले असं धरलं, तरी ब्रासला सव्वातीनशेच्या आत. या पैशात माती खणून, भरून, वाहून, पसरून कोण देतो, ते गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा.

आणि यातही प्रत नाही. ज्याच्या दीड मीटर काळीतली फूटभर गेली त्याचं रान दोन-तीन वर्षांत सावरेल, कारण खाली अजून माती आहे. ज्याच्या माळावर एकच फूट होती त्याची शेतीच संपली. दोघांनाही हेक्टरी दर एकच.

सारा घेताना नऊ प्रती होत्या. देताना एकच आहे. घेणाऱ्याचा डोळा बारीक आणि देणाऱ्याचा जाड, हा सरकारचा जुनाच स्वभाव.

एक भीती आणि तिचं उत्तर

तालुक्याच्या बैठकांत हे मांडलं की कुणीतरी उठून विचारतो, "साहेब, माळाला हलकी म्हणून कागदावर लिहून घेतलं तर बँक दारात उभं करील का?" प्रश्न बिनबुडाचा नाही. हलक्या जमिनीवरचं कर्ज कमी करण्याचं निमित्त मिळेल, किंमत पडेल, ही भीती खरी आहे.

माझं म्हणणं असं. माळ हलका आहे हे बँकेला, व्यापाऱ्याला आणि सोयऱ्याला आधीच ठाऊक आहे. ते लपलेलं नाही. लपलेलं आहे ते फक्त भरपाईच्या कागदावर, आणि त्याचा तोटा माळवाल्यालाच होतो. म्हणून प्रतबंदी मागताना दोन अटी एकत्र मागायच्या. खोली आणि उताराची नोंद विमा, भरपाई आणि सल्ला यांच्यासाठी वापरावी, पीककर्जाची मर्यादा घटवायला वापरू नये. अट लिहून मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या-आपल्यातली. पाण्याला गट नंबर वाचता येत नाही. वरच्या शेताचा बांध फुटला की खालच्याच्या पिकावर मुरूम येतो आणि भाऊबंदकी कोर्टात जाते. वरचा म्हणतो माझी माती गेली, खालचा म्हणतो माझं पीक गेलं. दोघंही खरं बोलतात. एकट्यानं बांध घालून हे सुटत नाही. माथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या एका ओळीतल्या सगळ्यांनी मिळूनच ते काम करावं लागतं.

आता काय करायचं

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात आहे ते आधी सांगतो.

माळावर नांगरट उथळ ठेवा, दरवर्षी नको. उताराला आडवी पेरणी करा. सोयाबीन घ्यायचंच तर चार-सहा ओळींमागं तुरीची ओळ टाका, तिचं मूळ मुरमाच्या फटीत उतरतं. जो कोपरा तीन वर्षांत एकदाच पिकतो, तिथं बियाणं आणि डिझेल घालवण्यापेक्षा गवत राखा. हिशेब करून पाहा आणि मगच ठरवा.

मधल्या उतारावर बांध दुरुस्त करा आणि सांडीला दगड लावा. भुसकट पेटवू नका, शेतातच पसरा. काळीत रुंद सरी-वरंब्यावर पेरा, म्हणजे दडीत ओल राहते आणि अतिवृष्टीत पाणी निघतं. चोपण व्हायला लागलेल्या रानात आधी निचऱ्याचा चर, मग माती आणि पाणी दोन्ही तपासून जिप्सम. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात.

तलावातला गाळ माळाला न्या, काळीला नको. काळीत चिकणमाती आधीच पोटभर आहे. तलावात साचलेला गाळ म्हणजे माळावरून गेलेलीच माती. लेकीच्या घरून आईला थोडं परत न्यायचं, एवढंच. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तिच्यात गाळ कुणाच्या रानात पडतो याची यादी ग्रामसभेत वाचायला लावा, आणि माळवाल्याचं नाव आधी घ्यायला लावा.

आणि सरकारकडे मागण्या चार. मृद आरोग्य पत्रिकेवर मातीची खोली, उतार आणि निचरा यांचे रकाने हवेत, आणि नमुना माथा, उतार, काळी असा वेगवेगळा हवा. पीक कापणीचे प्रयोग मंडळातल्या जमिनींच्या प्रमाणात वाटून हवेत. खरडलेल्या जमिनीची भरपाई गेलेल्या मातीच्या खोलीवर, ब्रासवर, आणि खाली किती माती उरली ते पाहून हवी. आणि ज्वारी, करडई, जवस अशा माती राखणाऱ्या पिकांना खर्च भरून निघेल असा भाव हवा. शेवटची मागणी मिळाली तर पहिल्या तिन्हींची गरज निम्मी होईल. पदरात चार पैसे उरले की शेतकरी आधी बांधच नीट करतो, त्याला शिबिरात बसवून मातीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

या मागण्या तोंडी करून भागणार नाही. त्यासाठी कागद लागेल आणि तो आपणच करायचा आहे. प्रत्येक गावातल्या चार जणांनी एक पहार, एक टेप आणि एक वही घ्यावी. शिवाराच्या सर्वात उंच माथ्यावरून सरळ ओढ्यापर्यंत चालावं. दर शंभर पावलांवर पहार मारायची, मुरूम किंवा चुनखडी किती खोलीवर लागते ते लिहायचं. तिथं काय पिकतं, २०२३ च्या दडीत काय झालं, २०२५ च्या पाण्यात काय झालं, तेही लिहायचं. गटाच्या मालकाला विचारून लिहा, आणि घरातल्या बाईला आवर्जून विचारा, कारण खुरपणीला बसलेल्या बाईला मातीची जेवढी ओळख असते तेवढी ट्रॅक्टरवर बसलेल्या गड्याला नसते. एका दिवसाचं काम आहे.

तो कागद ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि त्याची एक प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. जिल्ह्यातल्या शंभर गावांनी आणला, तरी लातूरच्या मातीची प्रतबंदी पुन्हा एकदा लिहिली जाईल. यावेळी ती शेतकऱ्याच्या हातानं आणि शेतकऱ्याच्या कामासाठी लिहिलेली असेल.